सहवेदनेचं टार्गेट

नंदिवर्धन पशुखाद्य कंपनीची गोळी पेंड वैजनाथ चौतीस वर्षं विकत होता, आणि इतक्या वर्षांत कंपनीनं त्याला एकच प्रश्न विचारला होता : किती पोती गेली? त्यामुळं निवृत्ती तोंडावर आलेली असताना पुण्याच्या हेड ऑफिसातून मोनिका मॅडमचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "सर, तुमचे नेतृत्वाचे धडे आम्हाला हवेत," तेव्हा त्याला आधी वाटलं, या नावाचा काही जुना माल गोदामात पडून असेल आणि तो परत मागवतायत.

"बघतो मॅडम," तो म्हणाला. "असले तर गाडीत टाकून देतो."

कंपनीची वार्षिक सभा त्या वर्षी तुळजापुरात, एका लॉजच्या हॉलमध्ये ठेवली होती. कारण एमडींचा नवस फेडायचा राहिला होता आणि दोन्ही खर्च एकाच बिलात बसत होते. वैजनाथच्या आधी पुण्याच्या एका वक्त्यानं गरुड म्हातारपणी चोच दगडावर आपटून नवी चोच कशी उगवून घेतो ते सांगितलं. समोरच्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. गरुड पेंड खात नाही.

मग वैजनाथ उभा राहिला. खाली रस्त्यावर कुणाचा तरी संबळ वाजत होता, तो थांबेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "मला नेतृत्व-बितृत्व म्हाईत न्हाय. मी एकच करत आलो. डीलरच्या घरात कुणी गेलं, की जायचं. बॅग न्यायची न्हाय. फोन लांब ठेवायचा. गेल्यावर पहिली धा मिनिटं गप बसायचं. बोलायचंच झालं तर एवढंच बोलायचं, की मी कामासाठी आलो न्हाय, माणसासाठी आलो. जेवणं असली तर पत्रावळ्या उचलू लागायच्या. अन् कुणी धंद्याचं काढलं तर उठून यायचं. बास."

एवढ्यावर तो खाली बसला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण मोनिका मॅडम म्हणाल्या, "सर, एखादं उदाहरण?" आणि उदाहरण मागितलं की विक्रीतला माणूस थांबत नाही.

त्यानं मुरूमचं उदाहरण दिलं. नोकरीला लागला त्याच वर्षी तो बॅग घेऊन पहिल्यांदा मुरूमला गेला. माणिकप्पांच्या दुकानासमोर ही गर्दी. त्याला वाटलं, दुसऱ्या कंपनीची स्कीम आहे. तो रांगेत उभा राहिला. रांग पुढं सरकत सरकत घरात गेली आणि वैजनाथ एका खुर्चीसमोर आला. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मांडीवर बेल. हेच मालक असणार असं धरून त्यानं वाकून नमस्कार केला आणि सुरू झाला : नमस्कार, मी नंदिवर्धन पशुखाद्य, आमच्या पेंडीत प्रथिनं जास्त, म्हशीची फॅट पंधरा दिवसांत वाढते, नाही वाढली तर पोतं परत. गृहस्थ काही बोलेनात. वैजनाथला वाटलं, कसलेला व्यापारी दिसतोय. त्यानं वाहतूक फुकट देऊ केली.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो कळंबकडचा.

खुर्चीशेजारी त्या गृहस्थांची बायको बसली होती, माणिकप्पांची आई शरणम्मा. तिनं डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि म्हणाली, "बोल बाबा, बोल. जिवंत असताना कधी कुणाचं पुरतं ऐकून घेतलं न्हाय ह्यांनी."

आणि हसली. नवऱ्याच्या मातीच्या दिवशी, भरल्या घरात ती बाई हसली. मग रडली. वैजनाथनं बॅग तिथंच टाकली आणि शेतापर्यंत खांदा दिला.

हॉल आधी पोट धरून हसला आणि मग एकदम गप्प झाला. पहिल्या रांगेतले दोघं-तिघं डोळे पुसत होते. एवढी शांतता वैजनाथनं विक्रीच्या धंद्यात कधी बघितली नव्हती. त्याला वाटलं, लोकांना पटलेलं नाही, कायतरी फायदा सांगावा लागणार. म्हणून तो म्हणाला, "तवापासून आजपर्यंत माणिकप्पांनी दुसऱ्या कंपनीचं एक पोतं घेतलं न्हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोनिका मॅडमनी सगळं मोबाइलवर घेतलं होतं.

पाडव्याला कंपनीनं 'सहवेदना' सुरू केली. सहवेदना हे एक ॲप होतं. ते उघडलं की वैजनाथ दिसायचा. मागं संथ बासरी लावलेली, आणि तो सांगायचा, बॅग न्यायची न्हाय, फोन लांब ठेवायचा. त्याखाली बटण होतं : फोटो अपलोड करा. फोन लांब ठेवून फोटो कसा काढायचा, हे ॲपमध्ये सांगितलेलं नव्हतं. शिवाय प्रत्येक प्रतिनिधीला सहवेदना किट आलं. त्यात टोपी आणि टॉवेल. दहाव्याला पाहुणे दुखवट्याची टोपी-टॉवेल घालतात, तेच. फक्त टॉवेलच्या दोन्ही टोकांना कंपनीचा नंदी छापलेला आणि त्याखाली : दुधात वाढ, नफ्यात वाढ. आणि टार्गेट होतं. माणशी महिन्याला चार.

वैजनाथनं पुण्याला फोन लावला.

"मॅडम, मरण असं म्हैन्याला चार येत नसतं."

"सर, तालुक्याचा मृत्युदर काढूनच टार्गेट दिलंय," मोनिका मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या जिल्ह्यातल्याच होत्या, त्यांना वैजनाथबद्दल मनापासून आदर होता, आणि आपण एका चांगल्या माणसाचं चांगलं काम सगळीकडं पोचवतोय याची त्यांना खात्री होती. तेच अवघड होतं. "आणि पहिल्या तिमाहीत आम्ही म्हैस गेलेलीही धरतोय."

"अहो, पण त्यात मन लागतं..."

"तेच तर सर! मन लावायचं, हा तुमचा पाचवा मुद्दा. घेतलाय आम्ही."

वैजनाथच्या हाताखाली शिवपुत्र नावाचा एक प्रतिनिधी होता. वाशी आणि येरमाळा त्याच्याकडं. पोरगा सरळ, उमरग्याकडचा, लग्न ठरलेला. नोकरी टिकली तर लग्न टिकणार होतं, सासऱ्यानं तसं स्पष्टच सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात त्याचे फक्त दोन भरले. वाशी तालुक्यात त्या महिन्यात हवा चांगली होती.

दुसऱ्या महिन्यात त्याला कळलं, येरमाळ्याचे डीलर गोरोबा यांचे चुलते धोंडीबा अत्यवस्थ आहेत. शिवपुत्र किट घेऊन पोचला. घरात जाऊन दहा मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, मी कामासाठी नाही आलो, माणसासाठी आलो. तेव्हा त्याला दिसलं, की माणूस कोपऱ्यात बाजेवर पडलेला आहे आणि त्याच्याकडं बघतोय. धोंडीबांनी हात पुढं केला. शिवपुत्रला काय करावं सुचेना, त्यानं किट दिलं. धोंडीबा उठून बसले, टोपी घातली, आरसा मागवला आणि म्हणाले, "मापात हाय."

त्या दिवसापासून ते बरे झाले. पण शिवपुत्रनं दारातूनच नोंद टाकून दिली होती, आणि ॲपमध्ये माणूस परत आणायचं बटण नाही. कंपनीच्या लेखी धोंडीबा गेले ते गेलेच.

गोरोबाचा वैजनाथला फोन आला. "सर, चुलता उठला, ते चांगलंच झालं. पण आता चुलती रोज रडतीया. म्हणती, पेंडवाले येऊन गेले, कुणाचा तरी नंबर लागला."

"गोरोबा, पोरगं नवीन हाय रे."

"पोराचं कुठं काय म्हणतोय म्या? व्हिडिओत तर तुमीच हाव की."

व्हिडिओ कंपनीनं डीलरांच्या ग्रुपवरही टाकला होता. अभिमानानं.

मग हळूहळू एकेक दार बदलत गेलं. वाशीचा खवाभट्टीवाला, जो वैजनाथला गरम खव्याचा गोळा हातावर दिल्याशिवाय सोडायचा नाही, तो आता मोटारसायकल दिसली की उठून बाहेरच यायचा आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहायचा. "समदे बरे हायत सर," न विचारताच सांगायचा. "आई बी बरी हाय. आत्ताच जेवली." एका घरात त्याला बघून खोकणाऱ्या म्हाताऱ्याला आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दोन कंपन्यांनीही माणसं पाठवायला सुरुवात केली होती. कळंबला एका दहाव्याला कावळा शिवायच्या आधी तीन कंपन्यांचे लोक शिवून गेले, असं लोक सांगत होते.

घरी अयोध्याबाई म्हणजे वैजनाथची बायको त्याला रोज डिवचायची. "कसं हाय मार्केट? मंदी का?"

"गप बस."

"न्हाय, म्हणलं पाऊस लांबलाय, म्हातारी माणसं टिकून ऱ्हातील."

तिला माहीत होतं त्याला कशाचं लागलंय. निवृत्त झाल्यावर काय करणार, असं कुणी विचारलं की वैजनाथचं वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं : चहा पिणार. मोटारसायकल काढायची, बॅग घरी ठेवायची आणि एकेका गावी जाऊन बसायचं. कुठं काही विकायचं नाही. चौतीस वर्षांत त्यानं दुसरं काही जमवलं नव्हतं. ही पन्नासेक दारं तेवढी जमवली होती, आणि आता ती त्याच्यासमोर एकेक करून लागत होती. त्यातलं एक उघडं राहिलं असतं तरी चाललं असतं. मुरूमचं. मुरूम त्याच्या स्वतःकडं होतं. तिथं गेलं की शरणम्मा आतून हाक मारायची, "बा, कुंद्रु," म्हणजे ये, बस. आणि भाकरी-शेंगाचटणी समोर आल्याशिवाय माणिकप्पा पेंडीचं नाव काढायचे नाहीत. त्याची आई लहानपणीच गेली होती. शरणम्माला तो आईच म्हणायचा, आणि तीही लोकांना सांगायची, हा माझा पोरगा, जरा उशिरा झाला, त्याच्या बापाच्या मातीच्या दिवशी.

त्यानं शिवपुत्रला बजावून ठेवलं होतं, "मुरूमकडं फिरकायचं न्हाय. टार्गेट मरू दे."

"ते मोजता येत न्हाय सर," शिवपुत्र म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

भर पावसाळ्यात शरणम्मा गेली. माणिकप्पांचा फोन आला नाही. उमरग्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून कळलं.

"जा की," अयोध्याबाई म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "आई व्हती म्हणता न्हवं?"

वैजनाथनं बॅग घेतली नाही. किट तर त्यानं कधी फोडलंच नव्हतं. फोन देवळीत ठेवला, कारण फोन बरोबर असला की ॲपला कळायचं कुठं गेलाय ते, आणि ही भेट त्याला कुठंही नोंदवायची नव्हती. बेल आणि हार घेतला, एसटीत बसला आणि उमरग्यावरून मुरूमला पोचला. वाटेत त्यानं काय बोलायचं ते ठरवायचा प्रयत्न केला. काही ठरेना. मग त्याला वाटलं, ठरवायचं कशाला, आपलंच घर आहे.

अंगणात भजन चाललं होतं. शरणम्मा खुर्चीत बसली होती. इरकल लुगडं नेसवलेलं, विभूती लावलेली. कुणाची तरी वाट बघत बसावं तशी. वैजनाथनं हार घातला, पाय धरले आणि बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा त्याला माणिकप्पा दिसले. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता. टॉवेलच्या टोकाला नंदी होता.

वैजनाथ त्यांच्याशेजारी जाऊन बसला. दोघंही समोर बघत राहिले.

"धा मिनिटं झाली का वो?" माणिकप्पांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकानं भाव विचारावा तसं विचारलं.

"आप्पा..."

"न्हाय, ऱ्हायली असली तर बसा. गडबड न्हाय."

"आप्पा, मी कामासाठी..." आणि वैजनाथ मध्येच थांबला. पुढचं वाक्य त्याला माहीत होतं. आता ते जिल्ह्यातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. बासरीसकट.

"तुमचं पोरगं आलंय सकाळपासनं," माणिकप्पा म्हणाले. शिवपुत्र पलीकडं विमान सजवत होता. विमान म्हणजे बांबूची ती पालखी, जिच्यात बसवून न्यायचं असतं. बांबूला झेंडूच्या माळा गुंडाळताना त्याचे डोळे लाल झाले होते. "त्यानंबी तसंच काढलं, माणसासाठी आलो म्हणून. म्या म्हणलं, कुठल्या माणसासाठी? नाव सांग. तर त्याला नावच म्हाईत न्हाय. मग बसला रडत. म्हणला, आप्पा, खरं सांगतो, माझं टार्गेट ऱ्हायलंय, लगीन मोडंल, एक फोटो काढू द्या. म्या म्हणलं, काढ. दोन काढ."

"मी त्याला इकडं येऊ नको म्हणलं व्हतं."

"का? खरं बोललं की पोरगं. टॉवेल दिला, घेतला म्या. आता उन्हाचा उपयोगी पडतोय."

पावसाळी ढग होते. ऊन कुठंच नव्हतं.

"तुमीबी काढा फोटो," माणिकप्पा म्हणाले.

"फोन आणला न्हाय, आप्पा. मुद्दाम ठिवून आलो."

"व्हय, तेबी हाय त्यात. फोन लांब ठिवायचा."

बायकांनी भजनाचा सूर वर उचलला. वैजनाथला वाटलं, उठून पत्रावळ्या तरी उचलाव्यात, पाणी भरावं, खोरं घ्यावं, कायतरी करावं. पण जे जे हाताला सुचत होतं ते सगळं त्यानं तुळजापुरात एका दमात सांगून टाकलेलं होतं. शिल्लक काही ठेवलेलं नव्हतं.

"आईनं बघितला का?" त्यानं विचारलं. "व्हिडिओ?"

माणिकप्पांनी पहिल्यांदा त्याच्याकडं मान वळवली. "म्याच दाखवला. अंथरुणात व्हती. म्हणलं, तुझा वैजू आलाय बघ मोबाइलवर. लई हसली. बाबाला पेंड विकायला गेला ते ऐकून तर डोळ्यातनं पाणी काढलं. दोनदा लाव म्हणली. मी म्हणलं, थांब, पुरता तर होऊ दे."

"मग ते पोत्याचं आलं."

"आप्पा, ते बोलायच्या ओघात..."

"खोटं कुठं हाय? न्हायच घेतलं म्या दुसऱ्याचं पोतं. पण ते पेंडीसाठी म्हणून घेत न्हवतो, अन् तुमी मोजत असाल असंबी कधी वाटलं न्हाय." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "हसले लोक, त्याचं काय न्हाय. टाळ्या कशाच्या वाजवल्या, तेवढं मला उमगंना."

"आई काय म्हणली?"

"काय न्हाय. बंद कर म्हणली."

विमान तयार झालं. शरणम्माला उचलून त्यात बसवलं. हर हर महादेवचा गजर झाला आणि खांदे लागले. वैजनाथ पुढं झाला. उजव्या बाजूचा पुढचा बांबू, तिथं त्यानं तिच्या नवऱ्याच्या वेळी खांदा दिला होता. त्या बांबूखाली शिवपुत्र होता. त्याला बघून शिवपुत्र गडबडला, बाजूला व्हायला लागला.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," माणिकप्पा शिवपुत्रला म्हणाले. "धर तू नीट." आणि वैजनाथला अगदी अदबीनं, "तुमी दमून आलाव. मागनं या सावकाश."

वैजनाथ मागून गेला. चिखल होता. चप्पल दोनदा रुतली आणि दोन्ही वेळा शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसांनी त्याला हात दिला. त्याचं त्याला इतकं बरं वाटलं, की तिसऱ्यांदा रुतते का ते तो बघत राहिला. रुतली नाही.

शेतात खड्डा तयार होता. शरणम्माला आत बसवलं, हातात इष्टलिंग दिलं. जंगम स्वामींनी मंत्र म्हटले आणि एकेकाला पुढं बोलवायला सुरुवात केली : आधी लेक, मग सुना, नातवंडं, मग भाऊबंद, मग गावकरी. प्रत्येकानं विभूती आणि बेल वाहायचा आणि मूठभर माती टाकायची. स्वामी म्हातारे होते, डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून ते प्रत्येकाला विचारत होते, कोण तुम्ही, आणि तो माणूस नातं सांगत होता. भाचा. पुतणसून. शेजारी.

वैजनाथ मधेच उभा होता. भाऊबंदांत उभं राहावं की गावकऱ्यांत, हे त्याला ठरवता आलं नव्हतं, म्हणून ज्या बाजूला ढकललं गेलं तिकडं तो गेला होता. त्याची पाळी आली. मातीची मूठ त्यानं आधीच भरून घेतली होती, ओली माती बोटांतून निसटत होती.

"कोण तुम्ही?" स्वामींनी विचारलं.

वैजनाथनं तोंड उघडलं. खाली शरणम्माचं कपाळ दिसत होतं, विभूतीवर बेलाचं एक पान चिकटलेलं. तो म्हणणार होता. शब्द एकच होता आणि तो खरा होता. पण तो खरा आहे हे आता कुठल्या आवाजात सांगायचं, हे त्याला कळेना, आणि तो तसाच उघड्या तोंडानं उभा राहिला.

स्वामींनी पुन्हा विचारलं. मागं लोक खोळंबले.

"कंपनीचे हायत," माणिकप्पा पलीकडून म्हणाले. वर न बघता, कामाच्या घाईत.

"बरं, बरं," स्वामी म्हणाले. "टाका माती."

त्यानं टाकली. मागच्यानं पाठीवर हलकेच हात ठेवला, तसा तो पुढं सरकला.